नाताळचं पुडिंग आठ तास शेगडीवरच वाफवायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटायला नको. इंग्लंडमध्ये रेडिंगला तुमच्या शेजारच्या आजींनी त्यांच्या घरच्या नाताळच्या पुडिंगची, म्हणजे मनुका, मसाला आणि ब्रँडी घालून वाफवलेल्या काळ्या गोड पदार्थाची, कृती लिहून दिली आणि सोबत १.२ लिटरचा चिनी मातीचा पांढरा वाडगाही दिला. कृतीच्या शेवटी एकच ओळ आहे, 'आठ तास वाफवा'. तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी, पुण्याहून आणलेला पाच लिटरचा शिट्टीचा कुकर, साडेसहा लिटरचा स्लो कुकर (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आणि तीन मजली विजेचा स्टीमर आहे. यातल्या कशात आजींच्या पुडिंगच्या जवळ जाता येईल, आणि आठ तास खरंच लागतात का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गेली एकवीस वर्षं यॉर्कशरमध्ये पुडिंगं करते. सुरुवातीला घरापुरती एक-दोन करायचे, पुढे गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात दर नोव्हेंबरला तीस-बत्तीस. तुम्ही सांगितलेल्या चारही उपकरणांत मी करून पाहिली आहेत, काही बिघडवलीही आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी निकाल सांगते. पहिल्या लांब वाफवण्याला पातेलं उत्तम, स्लो कुकर जवळजवळ तितकाच चांगला, आणि शिट्टीचा कुकर नीट सांभाळला तर अडीच-पावणेतीन तासांच्या वाफवण्यात काम करतो. विजेचा स्टीमर या कामाला नको. नाताळच्या दिवशी गरम करायला मात्र स्लो कुकरला तोड नाही.

आता आठ तासांचं कोडं. ते सुटलं की बाकीचं आपोआप कळतं.

पुडिंग शिजायला आठ तास लागत नाहीत. पाव, पीठ, अंडी आणि सुएट (किसलेली घट्ट चरबी) यांचं मिश्रण १.२ लिटरच्या वाडग्यात मधोमध गरम व्हायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ते दाट असतं आणि उष्णता कडेकडून आत हळूहळू सरकते. तरी अडीच-तीन तासांत अंडी बसलेली असतात, पीठ शिजलेलं असतं. त्या वेळी ते काढून कापलं तर खाण्याजोगं असतं, पण रंग गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी, मसाला वेगळा, मनुका वेगळ्या, ब्रँडीचा वास वेगळा. शेजारच्या आजींना ते कच्चंच वाटेल. पुढचे पाच तास त्याला काळं करण्यासाठी असतात. साखर, अंड्यातली आणि पिठातली प्रथिनं यांची आपसात जी क्रिया होते, भाकरीवर डाग पडताना किंवा कांदा परतताना होते तीच, ती शंभर अंशांवर अगदी संथ चालते. तव्यावर दोन मिनिटांत घडणारी गोष्ट इथे सबंध दिवस घेते, पण ती फक्त कडेला न होता वाडग्याच्या गाभ्यापर्यंत होते. दूध आटवून बासुंदी करताना रंग आणि वास कसा टप्प्याटप्प्याने बदलतो ते तुम्ही पाहिलं असेल, तसंच हे.

म्हणून उपकरण निवडताना मी दोनच गोष्टी विचारते: वाडग्याभोवती किती अंश उष्णता राहणार, आणि पाणी किती वेळ पुरणार.

समुद्रसपाटीजवळ पातेल्यातली वाफ १०० अंशांची असते. पंधरा पौंड दाबाच्या कुकरमध्ये ती १२१ अंशांच्या आसपास जाते. ही रंग आणणारी क्रिया दर दहा अंशांना साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ हिशेब धरला तर एकवीस अंशांत चौपट वेग मिळतो. आठ तासांचे दोन होतात, त्यात आत उष्णता पोहोचायचा वेळ मिळवा, की अडीच तास. माझा वहीतला अनुभव याच्याशी जुळतो. अशाच कारणाने उंचावर उलटं घडतं. पाचगणी-महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे पातेल्यात वाफवणाऱ्याने आठऐवजी दहा-अकरा तास धरावेत किंवा सरळ कुकर काढावा. स्लो कुकरमध्ये पाणी उकळीच्या जरा अलीकडे राहतं, म्हणून तोही जास्त वेळ मागतो.

उपकरण कोणतंही असो, वाडगा बांधायची पद्धत एकच, आणि निम्मी पुडिंगं इथेच बिघडतात, म्हणून ती आधी.

वाडग्याला आतून लोणी लावा, तळाशी बटर पेपरची छोटी चकती ठेवा. मिश्रण काठापासून दोन बोटं खाली राहू द्या, ते फुगतं. वर बटर पेपर आणि त्यावर फॉइल एकावर एक धरून मधोमध एक निरी घाला, साडीची घालतो तशी, बोटभर रुंद. पुडिंग फुगलं की ही निरी उलगडते आणि कागद फाटत नाही. फॉइल थेट पुडिंगला टेकू देऊ नका, फळांच्या आंबटपणाने तिला भोकं पडतात, म्हणूनच मध्ये कागद. मग काठाच्या खालच्या खोबणीत सुतळी दोनदा फिरवून घट्ट बांधा आणि त्याच सुतळीची वरून एक कडी करा. गरम वाडगा वर काढताना ती कडी नसेल तर हात भाजतो.

आता ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. कागदाची लोंबणारी झालर दीड बोट ठेवून कापून टाका आणि सुतळीची टोकंही छाटा. टोक पाण्यात पडलं तर दिव्यातली वात तेल ओढते तशी सुतळी पाणी ओढते आणि ते कागदाखाली जातं. पुडिंगचा वरचा थर चिकट, पांढुरका निघाला असं कुणी सांगितलं, की मी पहिल्यांदा सुतळीबद्दल विचारते.

वाडगा फ्रीजमधून काढून लगेच उकळत्या पाण्यात ठेवू नका. मिश्रण रात्रभर मुरवायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण सकाळी ते तासभर बाहेर ठेवा. थंड चिनी माती आणि आधणाचं पाणी एकत्र आलं की तडा जातो. तुमचा वाडगा आजींनी दिलेला आहे, तो सांभाळा.

आता पातेलं. मोठं, जड बुडाचं, घट्ट झाकणाचं घ्या. तळाशी उलटी बशी किंवा कुकरची जाळी ठेवा, वाडगा सरळ तळावर नको. पाणी वाडग्याच्या निम्म्या उंचीपर्यंत, आणि ते किटलीतलं उकळतं. एकदा कढ आला की आच कमी करा. पाणी खदखदायला नको, नुसतं हलतं राहायला हवं. जोरात उकळलं तर वाडगा नाचतो, पाणी उडून कागदावर जातं आणि तासाभरात निम्मं संपतं. मंद आचेवर दर पाऊण तासाने झाकण उचलून पाहा, कमी झालं असेल तर उकळतंच पाणी घाला. थंड पाणी घातलं की वाफ बसते आणि पुन्हा कढ यायला दहा मिनिटं जातात. इथल्या जुन्या बायका तळाशी काचेची गोटी टाकतात. ती पाण्यात टकटक वाजत राहते, पाणी संपत आलं की आवाज बदलतो. माझी आई गणपतीत मोदकपात्राच्या तळाशी रुपया टाकायची, तेच हे. मी अजून रुपयाच टाकते.

तुमच्या इंडक्शनबद्दल एक सूचना. बऱ्याच इंडक्शन शेगड्या एकाच आचेवर काही तास चालल्या आणि कुणी बटण दाबलं नाही, की आपोआप बंद होतात. ते सुरक्षिततेसाठी असतं, पण पुडिंगला भोवतं. दुपारी एकला शेगडी बंद पडली आणि तुम्हाला तीनला कळलं, तर ते दोन तास वाया. पाणी पाहायला जाल तेव्हा आच एक घर वर-खाली करा, म्हणजे वेळ नव्याने मोजला जातो. आपल्या शेगडीची मर्यादा किती तासांची आहे, ते तिच्या पुस्तिकेत असतं.

रेडिंगचं पाणी जड आहे. आठ तासांत पातेल्याला पांढरा थर बसतो आणि पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर आतून काळं पडतं. आपण कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतो, तीच इथेही टाका.

पातेल्याची अडचण फक्त तुमचा सबंध दिवस जातो ही आहे. घर सोडून जाता येत नाही, झोपता येत नाही. रविवारी काही बेत नसेल तर मी आजही पातेल्यातच करते. इथे ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या साधारण चार आठवड्यांच्या, आधीच्या शेवटच्या रविवारी पुडिंग ढवळायची चाल आहे. त्या दिवसाच्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवातच 'ढवळून जागं कर' अशा अर्थाच्या शब्दांनी होते, त्यावरून त्याला ढवळण्याचा रविवार म्हणू लागले. घरातल्या प्रत्येकाने एकदा चमचा फिरवायचा आणि मनात काही मागायचं. तो दिवस घरी बसण्याचाच असतो, खिडक्यांवर वाफ धरलेली असते, आणि पाचव्या तासाला घरात जो वास भरतो तो कुकर देत नाही. ज्यांना वेळ आहे त्यांनी पहिलं पुडिंग तरी पातेल्यातच करावं असं मला मनापासून वाटतं, कारण प्रत्येक तासाला काय बदलतं ते नाकाला कळतं.

शिट्टीचा कुकर. मराठी घरात त्याची इतकी सवय असते की माणूस बेफिकीर राहतो, आणि म्हणून इथे मी सगळ्यात जास्त लिहिते.

पहिलं, माप. वाडगा बांधायच्या आधी रिकाम्या कुकरमध्ये जाळीवर ठेवून पाहा. कडेने बोटभर जागा हवी आणि कागदाच्या वर, झाकणाखाली, निदान दोन बोटं मोकळी हवीत. पाच लिटरचे कुकर दोन घाटांचे येतात, उंच आणि पसरट. पसरट असेल तर हा वाडगा बहुधा बसणार नाही, मग निम्म्या मापाचे दोन वाडगे करा आणि एकामागून एक वाफवा. वाडगा झाकणाला टेकत असेल तर कुकरचा विचारच सोडा. कागद वाफेने सैल होऊन वर उचलला गेला आणि शिट्टीच्या भोकाला चिकटला तर वाफ कोंडते. झालर छाटायची आणि सुतळी घट्ट बांधायची, ते इथे चवीसाठी नाही, जिवासाठी आहे.

दुसरं, सुरुवातीची वीस मिनिटं शिट्टी लावायची नाही. झाकण लावा, मंद वाफ नळीतून येऊ द्या. पुडिंगमध्ये थोडी बेकिंग पावडर किंवा ती मिसळलेलं पीठ असतं, त्याला फुगायला मोकळीक हवी. लगेच दाब दिला तर बुडबुडे दबून जातात आणि पुडिंग विटेसारखं घट्ट होतं. दुसरं कारण सुएटचं. सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, किसून पिठात घोळवलेली. ती सावकाश वितळते, तोवर भोवतीचं पीठ बसू लागलेलं असतं, आणि चरबीच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. पुडिंगचा हलकेपणा त्यातून येतो. वनस्पती तेलाचं शाकाहारी सुएटही याच कारणाने चालतं. तूप घालू नका, ते आधीच पातळ होऊन जातं.

तिसरं, पाणी आणि आच. कुकरमध्ये पाणी वाडग्याच्या निम्म्यापर्यंत, तुमच्या कुकरात ते सव्वा ते दीड लिटर होईल. वीस मिनिटांनी शिट्टी लावा, दाब भरू द्या, आणि आच इतकी कमी करा की शिट्टी नुसती सुस्कारत राहील. इथे शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ पाहायचं. प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी बाहेर जातं. डाळीला चार शिट्ट्या होतात आणि विषय संपतो. इथे अडीच तास जायचे आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी आच जरा मोठी ठेवून वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीची आवराआवर करत बसले, आणि दीड तासाने सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. पाणी संपलं होतं, कुकरचा तळ निळा-जांभळा झाला होता, वाडग्याला खालून वरपर्यंत तडा गेला होता. चूक माझीच होती. तेव्हापासून मी अडीच तास सलग देत नाही. सव्वा तासाने आच बंद करते, दाब आपोआप उतरू देते, झाकण उघडून पाणी पाहते, उकळतं पाणी घालते आणि पुन्हा सव्वा तास. मधला वेळ धरून सगळं काम साडेतीन-पावणेचार तासांत होतं. तरी आठापेक्षा निम्म्याहून कमी.

दाब कधीही शिट्टी उचलून उतरवू नका, कुकर नळाखालीही धरू नका. आत १२१ अंशांचं ओलं पुडिंग असतं. वाडग्याभोवतीचा दाब एकदम गेला की त्यातलं पाणी उसळतं, कागद फाटतो, वाडगाही तडकू शकतो.

चौथं, रबरी रिंग. जिच्यावर वर्षभर आमटी, छोले आणि मटण शिजलं, त्या रिंगला तो वास असतोच, आणि अडीच तासांच्या दाबाने तो पुडिंगच्या वरच्या थरात उतरतो. मी पुडिंगसाठी वेगळी रिंग ठेवते, ती वर्षातून एकदाच निघते. विजेच्या बहुउपयोगी कुकरमधली सिलिकॉनची रिंग तर याहून जास्त वास धरते. तुमच्याकडे तसा कुकर पुढेमागे आला तर लक्षात ठेवा, की त्यातला दाब साधारण दहा ते बारा पौंडांचा असतो, म्हणजे ११५ ते ११८ अंश. तिथे अडीचऐवजी तीन ते सव्वातीन तास द्यावे लागतात. पाणी मात्र त्यात फारसं जात नाही, ती त्याची मोठी सोय.

कुकरमधलं पुडिंग चवीला कसं लागतं? रंग पातेल्याइतकाच गडद येतो, कधी जास्तच. मनुका आणि बेदाणे जास्त मऊ होतात, दाताखाली वेगळे लागत नाहीत. पोत किंचित दाट. लवंग पुढे येते, म्हणून कुकरसाठी करताना मी लवंग निम्मी करते आणि जायफळ तेवढंच ठेवते. सभागृहात आम्ही एकाच मिश्रणाचं एक पुडिंग कुकरमध्ये आणि एक पातेल्यात करून न सांगता वाढलं होतं. बहुतेकांना फरक कळला नाही, पण ज्या दोन वयस्क बाईंना कळला त्या दोघींनीही मनुकांवरूनच ओळखलं.

मसाल्याचा विषय निघाला म्हणून एक. १९२७ साली ब्रिटनच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने, म्हणजे साम्राज्यातल्या मालाचा प्रचार करणाऱ्या सरकारी मंडळाने, राजघराण्याच्या आचाऱ्याकडून घेतलेली नाताळच्या पुडिंगची एक कृती छापून वाटली होती. त्यात प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कुठल्या भागातून घ्यायचा ते लिहिलेलं होतं: बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. भारताच्या वाट्याला आला होता चमचाभर पुडिंगचा मसाला. हे पुडिंग अस्सल इंग्रजी म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्या पोटात काय काय आणि कुठून कुठून आलं आहे हे त्या यादीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. दरवर्षी लवंग कुटताना ती यादी आठवते.

आता स्लो कुकर. तुमचा साडेसहा लिटरचा आहे, म्हणजे १.२ लिटरचा वाडगा आत बसून झाकण पूर्ण टेकेल. झाकण जरा जरी वर राहिलं तर वाफ जाते आणि तापमान चढत नाही, म्हणून साडेतीन लिटरच्या स्लो कुकरवाल्यांना मी नको म्हणते. भांडं आधी 'हाय'वर वीस मिनिटं तापवा. वाडगा आत ठेवा, किटलीतलं उकळतं पाणी वाडग्याच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत घाला, झाकण लावा, 'हाय'वरच ठेवा. पाणी थंड किंवा कोमट घालायचं नाही. मिश्रणात कच्ची अंडी असतात, आणि स्लो कुकर स्वतःहून तापायला दोन-तीन तास घेतो. तेवढा वेळ अंडी कोमट राहणं बरं नाही.

वेळ दहा ते बारा तास. मी रात्री नऊला लावते आणि सकाळी आठ-नऊला काढते. झाकणावर जमलेलं पाणी परत खालीच गळतं, त्यामुळे पाणी घालावं लागत नाही. ते थेंब फॉइलवर पडत राहतात, म्हणून फॉइलला वर खोलगट खड्डा राहू देऊ नका. झाकण उघडून पाहायचा मोह टाळा, प्रत्येक वेळी उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो. विजेचा हिशेब साधा आहे: २५० वॉटचा स्लो कुकर अकरा तास अखंड चालला तरी पावणेतीन युनिटच्या आतच राहतो.

यातलं पुडिंग सगळ्यात ओलसर आणि मऊ निघतं. रंग पातेल्यापेक्षा एक छटा फिका. तो भरून काढायला मी दोन गोष्टी करते: साखर गडद मस्कोवाडो, म्हणजे काकवी न काढलेली तपकिरी, घेते आणि चमचाभर काळी काकवी घालते. इथे ट्रीकल म्हणून डब्यात मिळते ती. आपली कोल्हापूरची काकवी आणलेली असेल तर तीही चालते, पण तिचा रंग सौम्य असतो, दोन चमचे घ्या. नोकरी असलेल्या, लहान मुलं असलेल्या माणसाला मी डोळे मिटून हीच पद्धत सांगते.

विजेच्या तीन मजली स्टीमरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याची टाकी तासाभरात रिकामी होते, घड्याळही बहुधा साठ मिनिटांपुरतंच असतं, वाडगा बसवायला मधल्या मजल्याची जाळी काढावी लागते आणि प्लास्टिकच्या सांध्यांतून वाफ निसटत राहते. आठ वेळा टाकी भरत बसण्यापेक्षा पातेलं सोपं. वाटीएवढ्या छोट्या पुडिंगांना मात्र तो छान आहे. उकडीचे मोदक आणि अळूवड्यांसाठी ठेवा. तिथे दहा-वीस मिनिटांचंच काम असतं आणि तो चोख करतो.

एकाच वेळी पाच-सहा करायची असतील तर ओव्हनचा उपाय आहे. खोल ट्रेमध्ये वाडगे मांडा, उकळतं पाणी घाला, सगळ्या ट्रेवर फॉइलचा तंबू कडांना घट्ट दाबून बसवा आणि १५० अंशांवर आठ तास. तंबूच्या आत वाफच असते, त्यामुळे वाडगे शंभरच्या वर जात नाहीत. सभागृहातली बत्तीस पुडिंगं आम्ही अशीच करतो.

मायक्रोवेव्हमध्ये पहिलं वाफवणं करू नका. काही मिनिटांत ते बसतं खरं, पण काळं होत नाही आणि दुसऱ्या दिवशी दगड होतं. पुन्हा गरम करायला तो वापरतात, तिथेही जपून. पुडिंगमध्ये साखर आणि दारू भरपूर असते, त्यामुळे मधला भाग पटकन करपतो, पेटही घेतो. मध्यम शक्तीवर दोन-दोन मिनिटं, आणि समोर उभं राहून. फॉइल काढलेली हवी. आणि आजींच्या घरी पुडिंगात चांदीचं नाणं घालायची चाल असेल तर मायक्रोवेव्हचं नावच नको.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? सुई स्वच्छ निघाली म्हणजे झालं, हा केकचा नियम इथे पुरत नाही, ती तीन तासांनीही स्वच्छ निघते. कागद सोडून कडेचा रंग पाहा. काळ्या मनुकांचा आणि मधल्या पिठाचा रंग लांबून वेगळा दिसत नसेल तर झालं. दिसत असेल तर नवीन कागद बांधून पुन्हा दोन तास, कुकरमध्ये असेल तर पाऊण तास. जास्त वाफवून पुडिंग बिघडत नाही, पाणी संपलं तरच बिघडतं.

पूर्ण गार झाल्यावर जुना कागद टाकून नवा कोरडा बांधा आणि वाडगा थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाच आठवडे तरी मुरू द्या. आज पंचवीस नोव्हेंबर उलटून गेली असली तरी करा, तीन आठवड्यांचंही छान लागतं.

नाताळच्या दिवशीचं गणित वेगळं आहे. टर्की, बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स, ग्रेव्ही यांत शेगडीची चारही घरं आणि ओव्हन अडकलेले असतात, आणि पुडिंगला पातेल्यात पुन्हा दोन तास लागतात. कुकरमध्ये अर्धा तास पुरतो, इथे शिट्टीविना सुरुवात करायची गरज नाही, फुगायचं ते फुगून झालेलं असतं. पण मी सकाळी दहाला स्लो कुकर खोलीच्या कोपऱ्यात लावून टाकते, उकळतं पाणी, 'हाय'. चार तासांनी ते तयार असतं आणि जेवण लांबलं तरी आणखी दोन तास तिथेच आनंदाने थांबतं. वाढायच्या आधी सुतळीच्या कडीने उचला, पाच मिनिटं उतरवून ठेवा, सुरी कडेने फिरवून ताटलीवर उपडं करा. ब्रँडी पळीत किंचित कोमट करून पेटवा आणि मग ओता. थंड ब्रँडी पेटत नाही, आणि बाटलीतून थेट ओतू नका.

या वर्षी तुम्ही स्लो कुकरमध्ये करा. जमलं तर त्याच मिश्रणातलं वाटीभर बाजूला काढून पातेल्यात चार तास वाफवा आणि दोन्ही पुडिंगं आजींना नेऊन द्या. कुठलं कशातलं ते आधी सांगू नका. त्या काय म्हणतात ते मला नक्की कळवा.